थकलेल्या बॉम्बरांचं दुसरं आयुष्य: ऑपरेशन ॲफ्रोडायटी, १९४४

लष्कराकडचं जुनं वाहन भंगारात काढण्याऐवजी त्यात रेडिओ बसवायचा, चालकाला उतरवायचं आणि स्फोटकं भरून ते शत्रूच्या दिशेने सोडून द्यायचं, ही कल्पना कुठल्या ना कुठल्या सैन्याला अधूनमधून सुचत आली आहे. सोव्हिएत रशियाने १९३०च्या दशकात टी-२६ रणगाड्यांना रेडिओने हाकण्याचे प्रयोग केले आणि फिनलंडविरुद्धच्या हिवाळी युद्धात ते रणगाडे उतरवलेही. ब्रिटनने टायगर मॉथ या सरावाच्या विमानाच्या कुळातलं ‘क्वीन बी’ हे विनाचालक विमान १९३५ मध्ये तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी तयार केलं. पण एकच प्रकरण मुळापासून तपासायचं, तर मी अमेरिकेचं ऑपरेशन ॲफ्रोडायटी निवडेन. इथे वाहन म्हणजे चार इंजिनांचं बॉम्बर विमान आहे, एवढाच रणगाड्यापेक्षा फरक. कोणी काय ठरवलं आणि प्रत्यक्षात काय घडलं, याच्या नोंदी चांगल्या आहेत. शिवाय निकालाबद्दल वाद घालायला जागा नाही: डझनभराहून अधिक मोहिमा झाल्या आणि एकीनेही ठरलेलं लक्ष्य उद्ध्वस्त केलं नाही.

प्रश्न काँक्रीटचा होता

६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं आणि आठवडाभरातच, १३ जूनला, पहिले व्ही-१ उडते बॉम्ब लंडनवर आले. ते रोज पडू लागले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याजवळ, पा-द-कालेच्या भागात, जर्मनांनी अशाच शस्त्रांसाठी प्रचंड बांधकामं उभी केली होती. सिराकूर, वात्तन, विझर्न आणि मिमोयेक अशी चार नावं हवाई दलाच्या यादीत वर होती. विझर्नला चुनखडीच्या जुन्या खाणीवर पाच मीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट ओतला होता. मिमोयेकच्या टेकडीत तिरकस भुयारं खणलेली दिसत होती, पण ती कशासाठी हे दोस्तांना नीट उलगडलं नव्हतं. तिथे लंडनवर रोखलेल्या लांब नळीच्या तोफा, म्हणजे व्ही-३, बसवायच्या होत्या, हे नंतर कळलं.

नेहमीचे बॉम्ब या काँक्रीटवर पडून वरचेवर फुटत. आजूबाजूचे रस्ते, रेल्वे, कामगारांच्या बराकी उडत, पण आतलं काम थांबत नसे. विमानं मात्र विमानभेदी तोफांच्या माऱ्यात सापडत. एका बी-१७ बॉम्बरमध्ये दहा माणसं असत. एक विमान पडलं की दहा घरांना तार जायची.

दुसरीकडे ब्रिटनमधल्या तळांवर जुनी बी-१७ विमानं साचत चालली होती. कारखान्यांतून नवी विमानं येत होती आणि असंख्य मोहिमा केलेली, ठिगळं लावलेली विमानं आघाडीवर पाठवण्याच्या लायकीची उरली नव्हती. अशा विमानांच्या शेपटीवर ‘डब्ल्यू डब्ल्यू’ अशी अक्षरं रंगवत, म्हणजे युद्धाने थकलेलं. हिशेबाच्या वहीत त्यांची किंमत जवळपास शून्य होती.

हे दोन प्रश्न कोणीतरी एकत्र मांडले की उत्तर आपोआप सुचतं. फोडता येत नाही असं काँक्रीट आणि फुकट मिळालेलं विमान! आठव्या हवाई दलाचे प्रमुख जनरल जिमी डूलिटल यांनी जूनच्या अखेरीस योजनेला मंजुरी दिली. १९४२ मध्ये विमानवाहू नौकेवरून बॉम्बर उडवून टोकियोवर हल्ला करणारे हेच डूलिटल. अशक्य वाटणाऱ्या योजनेला ते सहज घाबरणारे नव्हते.

काय काढलं, काय बसवलं

काम ३८८व्या बॉम्बर गटाच्या ५६२व्या स्क्वाड्रनकडे गेलं. तळ निवडला नॉरफक परगण्यातला फर्सफील्डचा, कारण तो आडबाजूला होता. आधी सफकमधल्या वुडब्रिजचा विचार झाला होता. तिथली धावपट्टी लांबलचक होती, पण जर्मनीहून फाटकी-तुटकी परतणारी विमानं नेमकी तिथेच उतरत. अशा एखाद्या विमानाने स्फोटकांनी भरलेल्या विमानाला धडक दिली तर काय, या विचाराने वुडब्रिज बाद झालं.

विमान आधी रिकामं केलं जाई. तोफा, चिलखती पत्रे, बॉम्बचे रॅक, खुर्च्या, लढाईला लागणारं सगळं बाहेर. जवळपास साडेपाच टन वजन कमी होई. मग त्या मोकळ्या पोटात टॉर्पेक्स या स्फोटकाच्या पेट्या रचल्या जात, नऊ टनांच्या आसपास. टॉर्पेक्स हे टीएनटीपेक्षा सुमारे दीडपट जोरकस. लांबच्या मोहिमेवर बी-१७ नेहमी न्यायचं त्यापेक्षा हा भार कितीतरी मोठा होता.

विमानाला दुरून हाकण्याची सोय शून्यातून करावी लागली नाही. बी-१७ मध्ये ऑटोपायलट आधीच होता. बॉम्ब टाकायच्या क्षणी विमान सरळ आणि स्थिर राहावं म्हणून तो बसवलेला असे. अमेरिकेकडे ‘ॲझॉन’ नावाचा आणखी एक तयार माल होता: पडत्या बॉम्बच्या शेपटीला रेडिओने डावी-उजवी वळणं देणारी यंत्रणा. ॲफ्रोडायटीच्या पहिल्या विमानांत ॲझॉनचे दोन संच बसवले. एकाने विमान डावीकडे-उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याने शेवटी नाक खाली घालायचं. संदेश ऑटोपायलटला मिळे आणि ऑटोपायलट पंखांवरची आणि शेपटीवरची सुकाणूची पाती हलवी.

मला हा भाग खरोखर आवडतो. वर्षानुवर्षं खपून नवं यंत्र घडवण्याऐवजी हातात असलेले दोन तुकडे जोडून त्यांनी काही आठवड्यांत उडणारं काहीतरी तयार केलं. अभियंत्यांची यात चूक काढता येत नाही. ज्या कामासाठी ऑटोपायलट बनला होता, ते काम तो चोख करत होता: हवेत पोहोचलेलं विमान सरळ रेषेत ठेवणं.

अडचण एवढीच की विमान जमिनीवरून हवेत नेणं हे त्याच्या कामात कधीच नव्हतं.

उड्डाणापुरता माणूस

गाडी हायवेवर सरळ धरून ठेवणं वेगळं आणि तीच गाडी गच्च भरून पेठेतल्या बोळातून मागे-पुढे करत बाहेर काढणं वेगळं. उड्डाणात वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असतात. चार इंजिनांचा जोर सारखा ठेवायचा, ब्रेक आणि सुकाणूने धावपट्टीची मध्यरेषा धरायची, वारा आडवा असेल तर त्याला तोंड द्यायचं, आणि विमान जड झालंय की नाही हे बुडाखालच्या थरथरीवरून ओळखायचं. दोन ॲझॉन संच आणि एक ऑटोपायलट यांतलं काहीच करू शकत नव्हते. आणि पोटात नऊ टन टॉर्पेक्स असताना धावपट्टीवर प्रयोग करायची कोणाची तयारी नव्हती.

म्हणून ठरलं असं: एक वैमानिक आणि एक इंजिनिअर, दोघंही स्वेच्छेने आलेले, विमान उडवतील. सुमारे २,००० फुटांवर नेतील, ऑटोपायलट लावतील, मागून येणाऱ्या नियंत्रक विमानाकडे ताबा देतील, ताबा नीट गेलाय का ते तपासतील, स्फोटकांची सुरक्षा-कळ काढतील आणि पॅराशूटने उडी मारतील. नियंत्रक विमान उंचावरून मागे येत राहील आणि रिकामं विमान समुद्रापलीकडे नेऊन लक्ष्यावर आपटवेल.

योजना कागदावर वाचताना डोळा ‘विनाचालक’ या शब्दावर थांबतो. वस्तुस्थिती अशी होती की विमानाच्या प्रवासातल्या सर्वांत धोक्याच्या वीस-पंचवीस मिनिटांत त्यात माणसं होती आणि त्याच मिनिटांत ती माणसं जगातल्या सर्वांत मोठ्या बॉम्बांपैकी एकावर बसलेली होती. नेहमीच्या बॉम्बरमध्ये दहा जण असत, इथे दोन. आकड्यात धोका घटला. पण या दोघांच्या वाट्याला आलेला धोका आधीच्या दहांपैकी कोणालाच माहीत नव्हता. धडधाकट विमान सोडून, इंग्लंडच्याच शेतांवर, कमी उंचीवरून उडी मारायची आणि तीही मागे नऊ टन स्फोटक ‘जागं’ करून.

४ ऑगस्ट

पहिल्या दिवशी चार लक्ष्यांसाठी चार विमानं निघाली. एका विमानातून इंजिनिअरने उडी मारली आणि त्यानंतर विमान हाताबाहेर गेलं. वैमानिक लेफ्टनंट जॉन फिशर यांना बाहेर पडता आलं नाही. सफक परगण्यात ऑरफर्डजवळ विमान कोसळलं आणि फुटलं. तिथे मोठा खड्डा पडला, भोवतालची एकरभराहून जास्त झाडी साफ झाली. उरलेल्यांपैकी एकही आपल्या लक्ष्यावर पोहोचलं नाही. कुठे ढगांमुळे नियंत्रकाला नीट दिसलं नाही, कुठे विमानभेदी मारा आडवा आला, कुठे शेवटची झेप आखूड पडली.

दोनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, पुन्हा विमानं निघाली. माणसं सुखरूप उतरली, पण त्यातल्या एका विमानाने ताबा झुगारला, ते समुद्राकडे जाण्याऐवजी देशाच्या आतल्या बाजूला वळलं आणि इप्सविच शहराभोवती घिरट्या घालू लागलं. काही वेळाने ते समुद्रात जाऊन पडलं. नियंत्रणात आलं म्हणून नव्हे, योगायोगाने. या घिरट्यांचा उल्लेख अहवालांत थोडक्यात येतो. इप्सविचमध्ये त्या दिवशी किती माणसं बाजारात, किती घरांत असतील याचा विचार केला की तो त्रोटकपणा खटकतो.

नौदलाची वेगळी वाट

अमेरिकी नौदलाने याच कामासाठी आपली स्वतंत्र योजना चालवली, नाव ‘अँव्हिल’. विमान बी-१७ नव्हे, लिबरेटर या बॉम्बरची नौदल आवृत्ती, पीबी४वाय-१. त्यांच्याकडची मोठी जमेची बाजू म्हणजे दूरचित्रवाणी. विमानाच्या नाकात कॅमेरा, आणि मागून येणाऱ्या व्हेंच्युरा विमानांत पडदा. १९४४ मध्ये हे म्हणजे फारच पुढचं पाऊल. चित्र धूसर असे, पण नियंत्रकाला निदान विमान कुठे चाललंय ते विमानाच्याच डोळ्यांनी दिसे.

वैमानिक होते लेफ्टनंट जोसेफ पी. केनेडी ज्युनिअर, वय २९. वडील ब्रिटनमधले माजी अमेरिकी राजदूत, धाकटा भाऊ पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो जॉन. घराण्याच्या राजकीय आशा तेव्हा जॉनवर नव्हे, याच थोरल्या मुलावर होत्या. पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या गस्तीची आपली पाळी त्यांनी पूर्ण केली होती आणि घरी परतायचा हक्क मिळवला होता. त्यांनी तो वापरला नाही. सोबतीला लेफ्टनंट विलफर्ड विली होते, टेक्सासमधल्या फोर्टवर्थचे, वय ३५, तीन मुलांचे वडील. केनेडींचा नेहमीचा साथीदार दुसरा होता, पण हुद्दा वापरून विली यांनी त्याची जागा घेतली.

१२ ऑगस्ट १९४४, संध्याकाळी सहाच्या सुमारास फर्सफील्डवरून उड्डाण. लक्ष्य मिमोयेक. पोटात टॉर्पेक्सच्या ३७४ पेट्या, एकूण साडेनऊ टनांहून अधिक. सोबत दोन व्हेंच्युरा, छायाचित्रं काढणारं एक मॉस्किटो आणि संरक्षणासाठी लढाऊ विमानं. उड्डाण झकास झालं, ताबा देण्याची चाचणी झाली. केनेडी यांनी रेडिओवरून ठरलेला सांकेतिक शब्द दिला, ‘स्पेड फ्लश’. त्यानंतर साधारण दोन मिनिटांनी, सफकमधल्या ब्लाइथबर्ग गावाजवळच्या रानावर, लिबरेटर हवेतच फुटलं. दोघांचेही अवशेष मिळाले नाहीत. मॉस्किटोचंही नुकसान झालं. खालच्या गावांतल्या ५९ घरा-इमारतींना हादऱ्याने इजा पोहोचली. दोघांना मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला. त्यांची नावं आज केंब्रिजजवळच्या अमेरिकी दफनभूमीत बेपत्ता सैनिकांच्या भिंतीवर कोरलेली आहेत.

स्फोट का झाला? नौदलाच्या चौकशीने अनेक शक्यता मांडल्या आणि वाद आजही मिटलेला नाही. पण एक गोष्ट नोंदलेली आहे. अर्ल ओल्सन नावाच्या इलेक्ट्रॉनिक्स अधिकाऱ्याला स्फोटकं जागी करणाऱ्या वायरिंगमध्ये दोष वाटत होता आणि मोहिमेच्या आदल्या दिवशी त्याने केनेडी यांना तसं सांगितलंही होतं. मोहीम ठरल्या दिवशीच निघाली.

या जागी मी थोडा रेंगाळतो, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे असं मला वाटतं. बॉम्बला जाग आणणारी यंत्रणा रेडिओने चालवायची म्हणजे ज्या विमानात अजून माणसं आहेत त्या विमानात, हवेतल्या प्रत्येक लहरीला कान देणारा एक स्विच बसवायचा. साध्या बॉम्बमध्ये पिन असते, ती माणूस हाताने काढतो. तिच्यात काही बिघडलं तर बॉम्ब फुटत नाही. इथे बिघाड उलट्या दिशेने गेला. माणूस बाहेर काढण्यासाठी जे बसवलं त्यानेच बहुधा त्या दोघांना मारलं. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, चौकशीच्या पुढे जायचं नाही म्हणून.

लक्ष्य आधीच मेलेलं होतं

आता मिमोयेककडे वळू. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७व्या स्क्वाड्रनकडे अभियंता बार्न्स वॉलिस यांनी घडवलेला ‘टॉलबॉय’ बॉम्ब होता. वजन सुमारे ५,४०० किलो, कवच जाड पोलादाचं, आकार टोकदार. खूप उंचावरून टाकला की तो जमिनीत खोल घुसून मग फुटे आणि वरचं बांधकाम पायासकट ढासळवे. सिराकूरवर हा मारा २५ जूनला झाला. मिमोयेकवर ६ जुलैला झाला आणि तोफांच्या भुयारांपर्यंत विध्वंस पोहोचला. विझर्नवर १७ जुलैला झाला, त्यानंतर जर्मनांनी ती जागा सोडली. वात्तनवर जूनमध्ये आणि जुलैमध्ये झाला.

तारखा जुळवून पाहा. ॲफ्रोडायटीचं पहिलं विमान ४ ऑगस्टला उडालं. यादीतल्या चारही ठिकाणी त्याआधी टॉलबॉय पडून गेले होते, आणि ते टाकणारी विमानं जिवंत माणसं चालवत होती. वरून घेतलेल्या छायाचित्रांत काँक्रीट जागेवर दिसे, म्हणून यादीतून नावं उतरली नाहीत. आत काय कोसळलंय हे छायाचित्र सांगत नाही. ५ सप्टेंबरला कॅनडाच्या सैन्याने मिमोयेक घेतलं तेव्हा तिथे निरुपयोगी झालेली भुयारं होती.

भौतिकशास्त्राचा एक साधा मुद्दाही कोणी ठामपणे मांडलेला दिसत नाही. बी-१७ ची कातडी ॲल्युमिनियमची. ते उथळ कोनात खाली येऊन काँक्रीटवर आपटलं की स्फोट होणार तो काँक्रीटच्या बाहेर. नऊ टन असले तरी बाहेरच. टॉलबॉयचं स्फोटक याच्या निम्म्याहून कमी, पण ते जमिनीच्या पोटात फुटे. म्हणजे एखादं विमान अगदी बरोबर लक्ष्यावर आदळलं असतं तरी पाच मीटर जाडीचं छत फुटलंच असतं, असं म्हणता येत नाही. योजनेच्या चर्चांमध्ये विमान लक्ष्यापर्यंत नेता येईल का, या प्रश्नावर सगळा जोर होता. पोहोचून ते करणार काय, हा प्रश्न स्फोटकाच्या वजनाच्या आकड्यामागे झाकला गेला.

बाकीच्या मोहिमा

त्या लवकर सांगून संपवण्यासारख्या आहेत. ३ सप्टेंबरला नौदलाने हेल्गोलँड या जर्मन बेटावरच्या पाणबुडी गोद्यांवर दुसरं लिबरेटर पाठवलं. वैमानिक सुखरूप उतरला, पण विमान शेजारच्याच ड्यूने बेटावर जाऊन आदळलं. नियंत्रकाला पडद्यावर बेट ओळखता आलं नाही. ११ सप्टेंबरला हेल्गोलँडकडे निघालेल्या बी-१७ मधून उडी मारताना एका वैमानिकाचा जीव गेला. त्यानंतर हेमिंगश्टेटचा तेल शुद्धीकरण कारखाना, पुन्हा हेल्गोलँड. बी-१७ उडवणाऱ्या हवाई दलाची यंत्रणाही आता सुधारली होती, दूरचित्रवाणी आली होती. तरी ऑक्टोबरअखेर निघालेल्या दोन विमानांपैकी एक उत्तर समुद्रात पडलं आणि दुसरं भरकटत स्वीडनमध्ये ट्रोलहेटनजवळ जाऊन कोसळलं. डिसेंबरात हेरफोर्डच्या रेल्वे यार्डवर ढग होते. तिथे निघालेलं एक विमान न फुटता जमिनीवर उतरलं, म्हणजे सगळी यंत्रणा आयती जर्मनांच्या हाती. १ जानेवारी १९४५ ला ओल्डनबुर्गचं वीजकेंद्र चुकलं.

ब्रिटिशांना तोवर वेगळीच धास्ती होती. जर्मनांनीही जुनी विमानं भरून लंडनवर सोडली तर? लंडनएवढं मोठं लक्ष्य चुकवणं कठीण, आणि जुनी विमानं त्यांच्याकडेही होती. २७ जानेवारी १९४५ रोजी युरोपातल्या अमेरिकी सामरिक हवाई दलाचे प्रमुख जनरल कार्ल स्पाट्झ यांनी डूलिटल यांना कळवलं की पुढचा आदेश येईपर्यंत ही विमानं शत्रूवर सोडायची नाहीत. तो आदेश आलाच नाही.

हिशेब कुठे चुकला

पहिली नोंद पैशांची. विमान फुकट होतं हे खरं, पण एका फुकट विमानाभोवती काय काय उभं राहिलं ते १२ ऑगस्टच्या ताफ्यात दिसतं. एक विमान विनाचालक करण्यासाठी हवेत त्याहून कितीतरी जास्त चालकांची विमानं लागली. नियंत्रक विमानं, छायाचित्रकार, संरक्षक. शिवाय जमिनीवर रेडिओ तंत्रज्ञ आणि पेट्या हाताने रचणारी माणसं. जुन्या वाहनाची किंमत शून्य धरली की बाकी सगळ्याची किंमत मनात आपोआप लहान होते. प्रत्यक्षात वाहन हाच सर्वांत स्वस्त भाग होता. चालक नकळत जी कामं करायचा, धावपट्टी धरणं, ढगाखाली जाऊन पाहणं, बेट ओळखणं, शंका आली तर परतणं, ती सगळी वेगवेगळ्या यंत्रांत आणि वेगवेगळ्या माणसांत वाटावी लागली, आणि प्रत्येक वाटणीत काहीतरी सांडलं.

त्याच उन्हाळ्यात जर्मनांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला होता. ‘मिस्टेल’ या जोडविमानात खाली जुनं युंकर्स ८८, त्याच्या नाकाच्या जागी प्रचंड स्फोटक, आणि पाठीवर एक लढाऊ विमान. वैमानिक वरच्या विमानात. तोच दोन्ही मिळून उडवायचा, लक्ष्याजवळ नेऊन नेम धरायचा, खालचं सोडायचा आणि घरी परतायचा. मिस्टेलनेही युद्ध फिरवलं वगैरे नाही, मुळीच नाही. पण उड्डाणाचं काम ज्याला येतं त्याच्याकडेच ठेवलं होतं आणि त्याच्या परतीची सोय होती. रचना म्हणून मला ती ॲफ्रोडायटीपेक्षा प्रामाणिक वाटते.

दुसरी नोंद घाईची, आणि ती अमेरिकेच्याच पुढच्या कामगिरीवरून करता येते. जुलै १९४६ मध्ये बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या तेव्हा स्फोटाच्या ढगातून नमुने आणायला विनाचालक बी-१७ पाठवले गेले. ते रेडिओवर उडाले आणि रेडिओवरच उतरले. धावपट्टीच्या कडेला उभा असलेला नियंत्रक विमान वर चढवे आणि मग हवेतल्या नियंत्रक विमानाकडे देई. म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वी अशक्य ठरलेलं उड्डाण त्याच जातीच्या विमानाने केलं. पोटात टॉर्पेक्स नव्हतं, समोर शत्रू नव्हता, सराव करायला वेळ होता, आणि विमान परत यायचं असल्यामुळे नियंत्रण धड बसवणं भाग होतं. पुढे हेच विनाचालक बी-१७ क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी निशाणं म्हणून वापरले गेले. शेवटचं ६ ऑगस्ट १९५९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावरून उडालं. तिथे त्यांचं काम अचूक आदळण्याचं नव्हतं, पडण्याचं होतं, आणि ते त्यांना उत्तम जमलं.

आजची दोन उदाहरणं

जून २०२३ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या मारिंकाजवळ रशियन सैन्याने टी-५४/५५ जातीचा एक जुना रणगाडा टनावारी स्फोटकांनी भरून युक्रेनी ठाण्याकडे सोडला. चालकाने दिशा लावून दिली आणि मग तो उतरला. रणगाडा वाटेतल्या सुरुंगावर गेला, थांबला आणि ठाण्यापर्यंत न पोहोचताच फुटला. चित्रफीत जगभर फिरली, कारण स्फोट भयानक मोठा होता. सुरुंग दिसला की रणगाडा वळवणारा माणूस आत नव्हता आणि त्याची जागा घेणारं काही बसवलेलं नव्हतं. ऐंशी वर्षांपूर्वीचीच रचना, फक्त पॅराशूट वगळून.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. डीआरडीओच्या चेन्नईजवळच्या आवडी इथल्या प्रयोगशाळेने बीएमपी-२ या चिलखती वाहनाला दुरून चालवण्याची सोय करून ‘मुंत्रा’ तयार केलं. २०१७ मध्ये ते लोकांपुढे आलं, राजस्थानातल्या महाजनच्या वाळवंटी मैदानावर त्याच्या चाचण्या झाल्या. बीएमपी-२ आपल्या सैन्याकडे मोठ्या संख्येने आहे, चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात आहेत, सुटे भाग देशात बनतात. म्हणजे आधार पक्का आहे. त्याउलट पुण्याजवळच्या दिघीतल्या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘दक्ष’ घडवलं, तेव्हा जुनं वाहन न घेता लहान, हळू आणि जिना चढणारं यंत्र पहिल्यापासून आखलं. कारण बेवारस बॅगेजवळ चौदा टनांचं चिलखती वाहन नेण्यात अर्थ नाही.

मुंत्राच्या तीन आवृत्त्या जाहीर झाल्या: टेहळणीची, सुरुंग शोधण्याची आणि अणु-रासायनिक दूषित भागाची पाहणी करण्याची. तिन्हींत वाहन जाऊन परत यायचं आहे, आणि तिन्हींत चालकाचं नेमकं एकच काम यंत्राकडे द्यायचं आहे: जिथे माणसाने जाऊ नये तिथे जाऊन पाहणं.